उपेक्षित बालकांची माउली : क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले

कोणत्याही संस्थेच्या वाटचालीत पन्नास वर्षांचा टप्पा हा मागे वळून पाहण्याचा व पुढील मार्ग निश्चित करण्याचा असतो. अशा प्रसंगी ज्यांनी समाजसेवेची वाट प्रथम तुडविली त्यांचे स्मरण करणे औचित्याचे ठरते. सावित्रीबाई फुले यांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. स्त्रीशिक्षणाच्या आद्य प्रवर्तक म्हणून त्यांची प्रतिमा शाळाशाळांतून लावलेली असते. परंतु त्यांच्या जीवनकार्याचा एक भाग मात्र तितकासा सांगितला जात नाही. जन्मास येण्यापूर्वीच ज्यांना जगाने नाकारले होते अशा बालकांसाठी आणि त्यांच्या असहाय मातांसाठी त्यांनी आपल्या राहत्या घराचे दार उघडले. आज ज्याला आपण बालसंरक्षण व कुटुंबसाहाय्य म्हणतो, त्या कार्याचा पाया पुण्यात इ. स. १८६३ मध्ये एका निपुत्रिक दांपत्याने घातला. प्रस्तुत लेखात सावित्रीबाईंच्या जीवनाचा परिचय मुख्यत्वे याच अंगाने करून देण्याचा अल्पसा प्रयत्न आहे.

जन्म व बालपण

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव या खेड्यात झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील हे गावातील प्रतिष्ठित गृहस्थ, तर आईचे नाव लक्ष्मीबाई. त्या काळच्या रीतीप्रमाणे वयाच्या नवव्या वर्षी, म्हणजे १८४० साली, त्यांचा विवाह पुण्याच्या गोविंदराव फुले यांचे चिरंजीव जोतिराव यांच्याशी झाला. जोतिराव त्या वेळी तेरा वर्षांचे होते.

जोतिरावांना मातृसुख लाभले नव्हते. ते तान्हे असतानाच त्यांच्या मातोश्री चिमणाबाई निवर्तल्या. त्यांचे संगोपन सगुणाबाई क्षीरसागर या मावसबहिणीने केले. सगुणाबाई बालविधवा होत्या. एका इंग्रज गृहस्थाकडे अनाथ मुलांचा सांभाळ करण्याचे काम त्यांनी केले होते, आणि त्या अनुभवाने त्यांची दृष्टी विशाल झाली होती. आईविना वाढलेले मूल, आणि त्याला माया देणारी एक विधवा, असे हे नाते. पुढे फुले दांपत्याच्या हातून जे कार्य घडले त्याचे बीज या घरातच पडलेले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. सावित्रीबाई सासरी आल्या त्या या सगुणाबाईंच्या छायेत. जोतिरावांनी दोघींनाही अक्षरओळख करून दिली आणि पुढे सावित्रीबाईंनी अध्यापनाचे रीतसर शिक्षणही घेतले.

शिक्षणकार्याचा आरंभ

इ. स. १८४८ मध्ये पुण्यातील बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सतरा वर्षांच्या सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. सनातनी मंडळींना हे रुचले नाही. वाटेत त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकण्यात येई. शाळेत पोहोचल्यावर मळलेले लुगडे बदलून त्या शिकविण्यास बसत, ही आठवण सर्वश्रुत आहे. लोकापवादाच्या भीतीने गोविंदरावांनी १८४९ मध्ये मुलगा व सून यांना घर सोडण्यास सांगितले. घर सुटले, पण काम सुटले नाही. ३ जुलै १८५१ रोजी चिपळूणकर वाड्यात, त्याच वर्षी १७ सप्टेंबरला रास्ता पेठेत आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत, अशा मुलींच्या तीन शाळा उभ्या राहिल्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठीही वेगळ्या शाळा निघाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे जोतिरावांचा शाल देऊन गौरव झाला. १८५४ मध्ये सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. इथवरचा इतिहास बहुतेकांना परिचित आहे.

शाळेच्या निमित्ताने सावित्रीबाईंचा संबंध मुलींच्या घरांशी आला. त्या काळी मुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी होत. वयस्कर पतीच्या किंवा रोगाच्या साथीत गेलेल्या पतीच्या मागे कोवळ्या वयाच्या मुली विधवा होत. केशवपन, एकवेळचे अन्न, अंधारी खोली आणि अहोरात्र घरकाम हे त्यांच्या वाट्याला येई. इ. स. १८५६ मध्ये सरकारने विधवाविवाहास कायदेशीर मान्यता दिली, तरी उच्चवर्णीय समाजाने ती मनोमन स्वीकारली नाही. ज्या घरात विधवेला संरक्षण मिळायचे त्याच घरात किंवा शेजारी तिच्या असहायतेचा गैरफायदा घेतला जाई. परिणाम भोगावा लागे तो मात्र तिला आणि तिच्या पोटातील जिवाला.

काशीबाईची करुण कहाणी

फुले दांपत्याचे एक निष्ठावान सहकारी सदाशिव बल्लाळ गोवंडे हे इनाम कमिशनमध्ये अधिकारी होते. त्यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकास होती. ती चांगल्या कुळातील व सद्वर्तनी होती. शेजारी राहणाऱ्या एका शास्त्रीबुवाने तिला मोहात पाडले व ती गर्भवती राहिली. गर्भपातासाठी तिने नाना प्रकारची विषारी औषधे घेतली, पण उपयोग झाला नाही. दिवस भरल्यावर तिला मुलगा झाला. बदनामीच्या धास्तीने तिने त्या नवजात अर्भकाचा सुरीने जीव घेतला आणि मृतदेह घरामागील विहिरीत टाकला. दोन दिवसांनी पोलिसांनी तिला संशयावरून अटक केली. पुण्याच्या सत्र न्यायालयात खटला चालून तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ही हकीकत जोतिरावांनी पुढे ४ डिसेंबर १८८४ च्या आपल्या निवेदनात स्वतः नमूद करून ठेवली आहे. त्या निवेदनात शास्त्रीबुवास शासन झाल्याचा उल्लेख आढळत नाही.

या घटनेने फुले पती-पत्नी व्यथित झाले. कायद्याच्या दृष्टीने न्याय झाला होता. परंतु एक बालक प्राणास मुकले होते, एक माता समुद्रापार गेली होती आणि ज्या परिस्थितीने हे घडविले ती होती तशीच राहिली होती. उद्या दुसऱ्या घरात दुसरी काशीबाई निर्माण होणार हे उघड होते. शिक्षेने गुन्हा झाल्यावरचा हिशेब पुरा होतो. गुन्हा घडूच नये यासाठी त्या स्त्रीला वेळेवर आसरा मिळाला पाहिजे, ही गोष्ट या दांपत्याने ओळखली. त्या काळी हा विचार अगदी नवा होता.

बालहत्या प्रतिबंधक गृह

इ. स. १८६३ मध्ये जोतिराव व सावित्रीबाई यांनी गंज पेठेतील आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. त्यासाठी वेगळी इमारत नव्हती, सरकारी अनुदान नव्हते की पगारी नोकरवर्ग नव्हता. जेथे स्वतःची चूल पेटत होती तेथेच या गृहाचा संसार मांडण्यात आला.

गृहाची माहिती गरजूंपर्यंत पोहोचावी म्हणून छापील जाहिराती तयार करण्यात आल्या आणि ज्या वस्तीतील स्त्रियांना गरज होती तेथील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर, भिंतींवर त्या चिकटविण्यात आल्या. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यावे की येथे ठेवावे हे त्यांच्या इच्छेवर राहील, आणि ठेवलेल्या मुलाची काळजी हे गृह घेईल, असा त्यांचा आशय होता. पुण्यात यावरून केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना करता येते. अशा सोयीमुळे अनीतीस उत्तेजन मिळेल, हा आक्षेप अशा प्रत्येक कार्यावर घेतला जातो. सावित्रीबाईंनी त्याला शब्दांनी उत्तर देण्यापेक्षा कृतीने दिले.

या जाहिरातीचा आशय बारकाईने पाहिला तर तीन तत्त्वे ध्यानात येतात. पहिले गुप्ततेचे. जी स्त्री लोकलज्जेपायी मुलाचा जीव घेण्यापर्यंत जाते, तिला प्रथम बदनामीपासून अभय हवे. दुसरे तत्त्व मातेच्या निर्णयस्वातंत्र्याचे. मूल ठेवायचे की न्यायचे याची सक्ती नाही. तिसरे, मातेचा निर्णय काहीही असो, बालकाच्या जीविताची हमी. आज बालकल्याणाच्या कायद्यात जी तत्त्वे ग्रथित झाली आहेत ती दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्याच्या भिंतींवर चिकटविलेल्या एका कागदात सामावलेली होती.

गृहाची जबाबदारी दैनंदिन स्वरूपात सावित्रीबाईंवर होती. रात्री-अपरात्री दार ठोठावणाऱ्या घाबऱ्याघुबऱ्या स्त्रीला आत घेणे, तिला धीर देणे, बाळंतपण निभावणे, बाळंतिणीचे खाणेपिणे, तान्ह्या मुलांचे न्हाऊमाखू, त्यांची आजारपणे ही कामे व्याख्यान देण्यासारखी मानाची नव्हेत. ती करणाराचे नाव वृत्तपत्रात येत नाही. सावित्रीबाईंना स्वतःचे अपत्य नव्हते. त्यावरून जोतिरावांनी दुसरा विवाह करावा असा घरातून आग्रह झाला होता आणि तो त्यांनी साफ नाकारला होता, असे चरित्रकार सांगतात. ज्या स्त्रीला समाज वांझ म्हणून हिणवीत होता, तिच्याच हातांवर टाकून दिलेली मुले जगू लागली.

पस्तीस आणि पाच

जोतिरावांच्या १८८४ च्या निवेदनात या गृहाचे आकडे आले आहेत. तोपर्यंत पस्तीस गर्भवती विधवा येथे येऊन प्रसूत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी पाच हयात होती व तीस दगावली होती. गर्भ लपविण्यासाठी मातांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांमुळे पोटातच इजा झाल्याने ही मुले वाचली नाहीत, असे कारण त्यांनी दिले आहे.

गौरवपर लेखनात पस्तीस हा आकडा येतो, तीस हा बहुधा गळतो. जोतिरावांनी मात्र तो लपविला नाही. जमा आणि खर्च दोन्ही बाजू जशाच्या तशा मांडल्या. सावित्रीबाईंच्या दृष्टीने या आकड्याचा अर्थ काय होता, याचा विचार केला म्हणजे मन सुन्न होते. ज्या हातांनी बाळंतपणे केली, त्याच हातांवर तीस वेळा ते निष्प्राण जीव आले. एवढे अपयश पदरी आल्यावर एखाद्याने काम सोडून दिले असते. त्यांनी दार बंद केले नाही. कारण ती स्त्री येथे पोहोचेपर्यंत उशीर झालेला असे, हे त्यांना कळून चुकले होते. यावर उपाय एकच होता. पुढच्या स्त्रीला अधिक लवकर येण्याचा विश्वास वाटला पाहिजे.

शिवाय हिशेबाची आणखी एक बाजू आहे. त्या पस्तीस माता येथे आल्या नसत्या तर त्यांच्यापैकी कित्येकींच्या वाट्याला विहीर, नदी किंवा काळे पाणी आले असते. येथे त्यांना आसरा मिळाला आणि आपल्या मुलाच्या हत्येचे पातक त्यांच्या माथी लागले नाही. बालकाचे रक्षण करायचे तर प्रथम मातेचे रक्षण करावे लागते, हा या गृहाचा सर्वांत मोठा धडा होय.

खर्चाची तोंडमिळवणी

एवढा व्याप चालविण्यास पैसा लागतो. फुले यांचा चरितार्थ कंत्राटी कामांवर, शेतीमळ्यावर व व्यापारावर चाले. पूल, रस्ते यांसारख्या बांधकामांची कंत्राटे ते घेत. दागिन्यांच्या ओतकामासाठी लागणाऱ्या मुशी विकण्याचे दुकानही त्यांनी चालविले. प्रामाणिक व्यवसायातून मिळविलेला पैसा समाजकार्यात घालणे हा त्यांचा शिरस्ता होता. घरी येणाऱ्या गरीब स्त्रियांना फाटक्या लुगड्यात पाहिले की सावित्रीबाई आपल्याकडचे लुगडे देऊन टाकीत. इतका खर्च परवडायचा नाही असे जोतिराव म्हणाले, की जाताना बरोबर काय न्यायचे आहे, असे शांतपणे विचारून त्या त्यांना निरुत्तर करीत, अशी आठवण त्यांच्या परिचितांनी लिहून ठेवली आहे. सावित्रीबाई पतीला शेटजी म्हणत आणि जोतिरावही पत्नीला अहो-जाहो करीत. त्या काळी हे दृश्य दुर्मीळच होते.

यशवंताचा स्वीकार

इ. स. १८७४ च्या सुमारास काशीबाई नावाचीच दुसरी एक ब्राह्मण विधवा संकटात सापडलेली होती. ती जीव देण्याच्या विचारात असताना जोतिरावांनी तिला परावृत्त करून घरी आणले. सावित्रीबाईंनी तिचे बाळंतपण केले. तिला झालेला मुलगा या दांपत्याने स्वतःचा म्हणून स्वीकारला व त्याचे नाव यशवंत ठेवले.

आश्रमात मूल सांभाळणे आणि ते आपल्या घराण्याचा वारस म्हणून स्वीकारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला लोक दया म्हणतात, दुसरीला वेडेपणा. दत्तक घ्यायचा तो भाऊबंदांतला, स्वजातीतला, अशी रूढी होती. येथे मुलाची जात वेगळी, पित्याचे नाव अज्ञात. तरीही जोतिरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र करून यशवंतास वारस नेमले. यशवंताच्या विवाहाच्या वेळी त्याच्या जन्माचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. विधवेच्या मुलास मुलगी कोण देणार? सत्यशोधक समाजातील सहकारी ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे यांनी आपली कन्या राधा दिली आणि ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीने हा विवाह झाला. यशवंत पुढे डॉक्टर झाला. मूल वाचविले एवढ्यावर सावित्रीबाईंचे समाधान नव्हते. त्याला शिक्षण, नाव, घर आणि समाजात स्थान मिळेपर्यंत त्यांनी आपली जबाबदारी संपली असे मानले नाही.

दुष्काळातील बालाश्रम

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७६-७७ मध्ये, दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. गावेच्या गावे ओस पडली. अन्नाच्या शोधात निघालेल्या आईबापांची मुले वाटेत सुटू लागली. सावित्रीबाई त्या काळात जुन्नर भागात ओतूर येथे मदतकार्यात होत्या. एप्रिल १८७७ मध्ये तेथून पतीस पाठविलेल्या पत्रात त्यांनी लोकांच्या हालाचे व सत्यशोधक कार्यकर्त्यांच्या धडपडीचे वर्णन केले आहे. पुण्याजवळ धनकवडी येथे ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ उघडण्यात आला आणि मदतीसाठी समाजाकडून मे १८७७ मध्ये जाहीर आवाहन करण्यात आले. सुमारे एक हजार मुलांच्या भोजनाची सोय तेथे होती, अशी नोंद चरित्रकारांनी केली आहे.

बालहत्या प्रतिबंधक गृहात एकेका मुलाची वैयक्तिक निगा होती, तर येथे शेकडो भुकेल्या मुलांना रोज दोन घास मिळतील अशी व्यवस्था लावायची होती. दोन्ही प्रकारची कामे सावित्रीबाईंनी तितक्याच निष्ठेने केली.

उत्तरायुष्य

जुलै १८८८ मध्ये जोतिरावांना अर्धांगवायूचा झटका आला. मिळकत थांबली, औषधोपचाराचा खर्च वाढला. सावित्रीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली व संसारही सावरला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिरावांचे देहावसान झाले. अंत्ययात्रेच्या वेळी टिटवे धरण्याचा मान यशवंताचा होता. भाऊबंदांनी त्यास हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या व त्यांनी स्वतः टिटवे हाती घेतले. दत्तक पुत्राचा हक्क नाकारला जात असता मातेने दिलेले हे उत्तर होते. पतीच्या पश्चात सत्यशोधक समाजाच्या कार्याचे नेतृत्व त्यांनी केले आणि १८९३ मध्ये सासवड येथे भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान भूषविले.

इ. स. १८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान घातले. सावित्रीबाईंच्या सांगण्यावरून डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तेथे आणीत. मुंढवा येथील गायकवाड कुटुंबातील पांडुरंग नावाच्या लहान मुलास प्लेगची लागण झाल्याचे कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचविले. या शुश्रूषेतच त्यांना संसर्ग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांचे वय सहासष्ट वर्षांचे होते. अखेरचे ओझे त्यांनी वाहिले तेही एका मुलाचेच.

वारसा

फुले दांपत्याने दाखविलेल्या मार्गाने पुढे इतरही गेले. १८७५ मध्ये पंढरपूर येथे न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने टाकून दिलेल्या बालकांसाठी आश्रम सुरू झाला आणि प्रार्थना समाजाने तो चालविला. १८९६ मध्ये महर्षी कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. खाजगी दयेवर चालणारे हे कार्य हळूहळू समाजाची व नंतर शासनाची जबाबदारी बनत गेले.

आज आपल्या देशात बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ अमलात आहे. त्यानुसार बालकल्याण समित्या काम पाहतात. एक अध्यक्ष व चार सदस्य अशी त्यांची रचना असून सदस्यांत किमान एक स्त्री असावी लागते. ज्या माता-पित्यांना काही अपरिहार्य कारणाने मूल सांभाळणे अशक्य होते, त्यांना ते समितीपुढे येऊन कायदेशीररीत्या सुपूर्द करता येते. समिती त्यांचे समुपदेशन करते आणि फेरविचारासाठी त्यांना दोन महिन्यांची मुदत मिळते. बालकाची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. गुप्तता, मातेचा निर्णय आणि बालकाची हमी ही १८६३ ची तीन तत्त्वे येथे स्पष्ट दिसतात. त्यात भर पडली आहे ती मुदतीची. भीतीच्या भरात घेतलेला निर्णय शांतपणे बदलण्याची संधी त्या मातेला मिळते.

नागरिकांचीही काही कर्तव्ये या कायद्याने सांगितली आहेत. टाकून दिलेले किंवा हरवलेले मूल कोणास आढळल्यास चोवीस तासांच्या आत पोलिसांना, १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर किंवा बालकल्याण समितीस कळविणे बंधनकारक आहे. चांगल्या हेतूने का होईना, असे मूल परस्पर घरी ठेवून घेणे अथवा कोणास देऊन टाकणे योग्य नव्हे. दत्तकविधान कायदेशीर मार्गानेच झाले पाहिजे. मुलाच्या देवघेवीत पैसा आला तर तो गंभीर गुन्हा ठरतो.

मूल आश्रमात जाण्याची वेळच येऊ नये, त्याला आपल्या घरातच वाढता यावे, हा आजच्या बालकल्याणाचा मुख्य विचार आहे. आई किंवा वडील गमावलेल्या, अथवा आजार व दारिद्र्य यांनी खचलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे. २०२३ मध्ये तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले व मुलामागे दरमहा मिळणारे साहाय्य २,२५० रुपये करण्यात आले. पुणे विद्यापीठास २०१४ मध्ये सावित्रीबाईंचे नाव देण्यात आले, तो त्यांच्या विद्याकार्याचा गौरव होता. बालसंगोपन योजनेला त्यांचे नाव मिळणे हा त्यांच्या मातृत्वाचा गौरव होय.

योजना असतात, कायदे असतात, परंतु गरजू घरापर्यंत ते पोहोचविणारा माणूस लागतो. एखाद्या विधवा भगिनीस अर्ज भरून देणे, कागदपत्रे जमविण्यास मदत करणे, मुलाची शाळा सुटत असेल तर त्याच्या घरी जाऊन चौकशी करणे, संकटात सापडलेल्या मुलीला दोष न देता तिच्या पाठीशी उभे राहणे, ही कामे कोणत्याही गावात, कोणत्याही पेठेत करण्याजोगी आहेत. त्यांना मोठे भांडवल लागत नाही. सावित्रीबाईंजवळ भिंतीवर चिकटविण्यापुरते कागद, राहते घर आणि अढळ करुणा एवढेच होते.

दार ठोठावणाऱ्यास त्याची जात, त्याचा दोष किंवा त्याचे नाव न विचारता आत घ्यावे, हाच त्यांच्या जीवनाचा संदेश आहे. आपल्या परिसरातील एक जरी मूल आपल्या प्रयत्नाने आपल्या माणसांत सुखरूप वाढले, तर या माउलीचे खरे स्मरण आपण केले असे होईल. त्यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन.